भाच्याच्या पहिल्या रानडुकराची आखणी : प्रकल्प नोंदी

22 ऑक्टोबर 2024

काटोल तालुक्यात कोंढाळीच्या बाजूला बहिणीच्या घरची संत्र्याची बाग आहे आणि बागेला लागून हरभरा व गव्हाचे वावर आहे. भाऊजींनी सत्तरी ओलांडल्यानंतर शस्त्र नियम, 2016 मधील वारसांसाठीच्या तरतुदीनुसार त्यांच्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना भाच्याच्या नावावर झाला. भाचा नागपुरात नोकरी करतो, सुटीच्या दिवशी शेतावर येतो आणि दहा मीटरच्या हवाई रायफलीवर त्याचा हात चांगला बसलेला आहे. मात्र जिवंत जनावरावर त्याने आजवर नेम धरलेला नाही. यंदा हरभऱ्यात डुकरांचा उपद्रव झाल्यास रीतसर परवानगी काढून बंदोबस्त त्यानेच करावा, असे घरात ठरले आहे. आखणीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे, म्हणून ही वही.

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरपासून लागू झाली असून बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस भाच्याला मिळाली आहे. मतदान 20 नोव्हेंबरला आणि मतमोजणी 23 नोव्हेंबरला आहे, म्हणजे तोवर बंदूक हाती येणार नाही. याला मी अडचण मानत नाही. नवशिक्याच्या हातात बंदूक आधी आली की जमीन, वारा, कागदपत्रे आणि ओळख ही सगळी तयारी मागे पडते, आणि अपघात होतात ते बहुधा या मागे पडलेल्या गोष्टींमुळेच. बंदुकीवाचून होणारी कामे आधी उरकून घेऊ.

27 ऑक्टोबर 2024

आजचा दिवस कायद्यासाठी ठेवला होता. भाचा टेक्सासमधल्या शिकारीच्या चित्रफिती पाहून आला होता आणि तिथे जमीनमालकाची संमती असली की खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही, मग आपल्याकडेच इतका खटाटोप का, असा त्याचा प्रश्न होता. तिथला नियम त्याने बरोबर सांगितला. 2019 पासून तो तसाच आहे. परंतु तिथले डुक्कर युरोपीय लोकांनी जहाजांतून नेलेल्या पाळीव डुकरांची रानात सुटलेली प्रजा आहे, तिथल्या जंगलाला ते परके आहे, आणि म्हणून ते जितके कमी होईल तितके तिथल्या वनखात्याला हवेच असते. आपले रानडुक्कर इथलेच आहे. वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा यांचे ते भक्ष्य आहे, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या ज्या नाल्यांतून डुकरे वावरात उतरतात, त्याच नाल्यांतून त्यांच्यामागे वाघही येतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यापासून रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याची शिकार करू देऊ शकतो, असे कलम 11 सांगते. आपल्याला चालायचे आहे ते या एका वाटेने. अर्ज वनक्षेत्रपालांकडे जाईल. परवानगीवाचून मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अभयारण्याच्या हद्दीतला गुन्हा त्याहून कडक शिक्षेचा आहे.

भाच्याला सर्वांत अनपेक्षित वाटले ते कलम 39. परवानगीने मारलेले जनावरही राज्य शासनाच्या मालकीचे असते. मांस घरी आणायचे नाही, वाटायचे नाही, सुळे आठवण म्हणून ठेवायचे नाहीत. गावात ही अपेक्षा आधीच धरली जाते आणि ऐन वेळी चार वडीलधाऱ्यांसमोर नकार देणे नवशिक्याला जड जाते, म्हणून हे आत्ताच, भाऊजींसमोर, स्पष्ट बोलून घेतले. भाऊजींच्या उमेदीच्या काळात गावाची रीत वेगळी होती, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “कागदात नाही ते करायचं नाही. झालं.”

10 नोव्हेंबर 2024

दिवाळीचे फटाके थांबल्यापासून नाल्याकडची हालचाल पुन्हा वाढली आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी भाच्याला घेऊन वावराचे चारही धुरे (बांध) फिरलो. अर्जात “डुकरांनी नुकसान केले” असे लिहायचे असेल तर ते डुकरांनीच केले आहे याची आपली खात्री हवी, आणि आमच्या बाजूला रोही (नीलगाय) आणि साळिंदरही तितकेच येतात.

रोही पीक वरून खातो, जाताना तुडवतो आणि एकाच ठराविक जागी लेंड्यांचा ढीग करतो. साळिंदर मुळाशी अरुंद खड्डा करते आणि त्याच्या दातांच्या खुणा खोडावर दिसतात. डुक्कर मात्र नाकाने जमीन पालथी करते. ओळीच्या ओळी उलटलेल्या असतात आणि ढेकळे दोन्ही बाजूंना फेकलेली असतात. त्याच्या खुराचा ठसा आखूड आणि टोकाला गोलसर असतो, आणि मऊ मातीत मागच्या दोन उपखुरांचे ठसेही मुख्य खुरांपेक्षा बाहेरच्या अंगाला उमटतात. नाल्याच्या काठच्या चिखलात लोळण सापडली आणि तिच्या शेजारच्या बाभळीच्या बुंध्यावर वाळलेल्या चिखलाचा लेप होता. लेपाची उंची भाच्याच्या गुडघ्याच्या बरीच वर गेली, म्हणजे एक मोठे जनावर नक्की आहे.

डुकरे नाला सोडून वर येतात ती दोन ठिकाणी. पूर्वेकडची वाट थेट बागेत जाते. अंबिया बहाराची गळलेली संत्री त्यांना तिकडे ओढतात, आणि झाडांच्या आळ्यांतली माती उकरताना ठिबकच्या नळ्याही तुटल्या आहेत. दुसरी वाट हरभऱ्याच्या खालच्या कोपऱ्यातून येते. बागेतली वाट जास्त वापरातली असली तरी ती मी आजच बाद केली. बाग व्यापाऱ्याला झाडावरच विकलेली आहे आणि त्याचे राखणदार रात्री बागेत कुठे पथारी टाकतील याचा नेम नसतो. जिथे माणूस झोपलेला असू शकतो तिथे बंदूक चालणार नाही, मग डुकरे रोज तिथेच येवोत.

19 नोव्हेंबर 2024

उद्या मतदान. बंदूक अजून ठाण्यातच आहे, म्हणून आज नेमाच्या जागेचा अभ्यास केला. हवाई रायफलीच्या सवयीने भाचा वर्तुळाचा मध्य शोधतो आणि डुकराच्या आकृतीवर त्याने बोट ठेवले ते बरोबर धडाच्या मध्यावर. तिथे लागलेली गोळी पोटात जाते आणि जनावर कैक तास मरत नाही. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे पुढे आणि खाली असतात. जनावर पूर्ण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने रेघ वर न्यायची आणि धडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांबायचे. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते आणि मानेवरचे राठ केस उभारले की पाठ आहे त्याहून उंच दिसते, त्यामुळे नवशिक्याचा नेम हमखास वर सरकतो. समोरून येणाऱ्या किंवा पाठ करून जाणाऱ्या डुकरावर चाप ओढायचा नाही.

त्याहून जास्त वेळ ओळखीवर गेला. रात्री वावरात दिसतो तो काळा गोळा. तो डुक्कर असेल, अस्वल असेल, गावातल्या कुणाचे पाळीव डुक्कर असेल, चुकार वासरू असेल, किंवा घोंगडी पांघरून धुऱ्याशी बसलेला जागल्या असेल. अस्वल अनुसूची 1 मधले आहे आणि माणसाबद्दल तर बोलायलाच नको. नियम असा ठरला : लांबुळके तोंड, खाली उतरता पुट्ठा आणि पायांची हालचाल या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या उजेडात दिसून भाच्याने त्या हळू आवाजात उच्चारल्याशिवाय आणि मी “हो” म्हटल्याशिवाय बोट चापावर जाणार नाही. पट्टेदार पिल्ले बरोबर असलेली मादी सोडायची. बंदोबस्ताचा नुसता हिशेब मांडला तर मादीच मारणे परिणामकारक ठरेल, हे मला मान्य आहे. तरीही ज्याच्या हातून हे प्रथमच घडणार आहे त्याच्यावर उघड्यावर पडलेली पिल्ले पाहण्याची वेळ मी आणणार नाही.

30 नोव्हेंबर 2024

बंदूक परत मिळाली. नागपूरच्या नेमबाजी रेंजवर परवानगीने कागद लावून चाचणी घेतली. उजवी नळी मोकळी आहे, डावीला चोक आहे, म्हणजे ती तोंडाशी निमुळती आहे. एल. जी. काडतुसाचे, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचे, छर्रे वीस मीटरवर ताटाएवढ्या भागात बसले, पण तीसच्या पुढे नेले तेव्हा बरेचसे कागदाबाहेर गेले. डुकरे कळपाने चरतात. असा विखुरलेला छर्रा एका डुकराला मारील आणि शेजारच्या दोघांना जखमी करून नाल्यात पाठवील, म्हणून उजव्या नळीत एकसंध गोळीचे काडतूस आणि डावीत एल. जी. असे ठरवले. डावी नळी फक्त खाली पडलेल्या जनावराच्या वेदना जवळून संपवण्यासाठी आहे.

पंचवीस मीटरच्या आत गोळी तळहाताच्या मापात सातत्याने बसू लागली. त्यापलीकडे भाचा धक्क्याच्या भीतीने डोळे मिटू लागला. अंतराची मर्यादा पंचवीस मीटर. टेकून बसूनच बार काढायचा, उभ्याने नाही.

8 डिसेंबर 2024

आज मचाण बांधले. या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निर्णय मी याला समजतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एकसंध गोळी मोकळ्या हवेत कित्येकशे मीटर जाऊ शकते. तेव्हा ती डुकराच्या आरपार गेली किंवा चुकली तर कुठे थांबेल, हे बार काढण्यापूर्वी ठरलेले असायला हवे, आणि ते ठरवण्याचे साधन म्हणजे उंची. भाच्याने कागदावर हिशेब केला. जमिनीवरून, नळीचे तोंड दीड मीटरवर धरून, वीस मीटरवरच्या डुकराच्या 40 सेंटिमीटर उंचीवर नेम धरला, तर आरपार गेलेली गोळी साधारण सात मीटर पुढे मातीत शिरते; पण नेम अर्धा मीटर वर सरकून गोळी पाठीवरून गेली तर ती जमिनीला लागेपर्यंत तीस मीटर जाते. नळीचे तोंड साडेचार मीटरवर असेल तर हेच आकडे दोन मीटर आणि पाच मीटर होतात. ही सगळी गणिते सपाट जमिनीची आहेत आणि आमचे वावर मचाणाकडून नाल्याकडे किंचित उतरते, म्हणून मचाण खालच्या कोपऱ्यातल्या मोहाच्या झाडावरून हलवून पलीकडच्या धुऱ्यावरच्या चिंचेवर नेले. तिथून नेमाची दिशा चढाकडे येते आणि मागे काळ्या मातीचा उंच धुरा आहे. धुऱ्याच्या त्या भागातले धोंडे गड्याला सांगून वेचून काढले, कारण दगडावर आपटलेली गोळी कुठे उडेल हे कोणतेही गणित सांगत नाही.

बार काढण्याची कक्षा दोन बांबू रोवून आखली आणि बांबूंना पांढरी चिंधी बांधली. डाव्या बांबूच्या डावीकडे शेजाऱ्याची जागलीची झोपडी येते, उजव्या बांबूच्या उजवीकडे बाग. भाच्याने विचारले, “मामा, दोन बांबूंच्या मध्ये जागा फारच थोडी उरते. डुक्कर तिथे आलंच नाही तर?” नाही आले तर घरी जायचे. मग त्यानेच बसल्या जागेवरून बांबूंकडे नळीऐवजी काठी फिरवून पाहिली आणि उजवा बांबू आणखी दोन पावले आत घेतला. मला ते आवडले.

वाऱ्यासाठी गोवरीची राख पुडीत ठेवली आहे. डुकराची नजर बेताची, पण नाक आणि कान फार तीक्ष्ण असतात. सूर्य बुडाल्यावर थंड हवा उताराने नाल्याकडे वाहते, हे राख सोडून पुन्हा पुन्हा तपासले. चिंच वाटेच्या सरळ वर नसून बाजूला असल्यामुळे आमचा वास त्यांच्या वाटेवर जात नाही. वारा बदलला तर त्या रात्री बसण्यात अर्थ नाही.

मचाणावर चढताना बंदूक रिकामी आणि नळ्या उघड्या, ती दोरीने मागून वर घ्यायची. काडतुसे माझ्या खिशात. उतरताना उलट क्रम. हिवाळ्यातही घोणस हिंडते, म्हणून झाडाच्या बुंध्याशी पाय टाकण्यापूर्वी उजेड पाडायचा.

12 डिसेंबर 2024

रात्री हरभऱ्याच्या खालच्या बाजूच्या ओळी उलटल्या. सकाळी छायाचित्रे काढली, ठशांशेजारी मोजपट्टी ठेवली, नुकसानभरपाईचा आणि बंदोबस्ताच्या परवानगीचा असे दोन स्वतंत्र अर्ज सातबारा व शस्त्र परवान्याच्या प्रतींसह वनपरिक्षेत्र कार्यालयात दिले. वनरक्षक पाहणी करून गेले आणि संध्याकाळी लेखी परवानगी हाती आली. ती फक्त आमच्या गट क्रमांकापुरती आहे. नाल्यापलीकडे वनखात्याची जमीन सुरू होते आणि तिथे पाऊल टाकायचे नाही.

पोलीस पाटील, सरपंच, चारही शेजारी आणि व्यापाऱ्याचे राखणदार यांना समक्ष सांगितले. सोमवारपासून नागपुरात हिवाळी अधिवेशन आहे आणि ठाण्यातले बरेच कर्मचारी बंदोबस्ताला जातील, तेव्हा ठाण्यालाही आजच लेखी कळवले. एका शेजाऱ्याने धुऱ्यावर तार टाकून त्यात वीज सोडण्याचा जुना उपाय सुचवला. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. हे त्याला ठाऊक आहे, तरी पिकाच्या त्राग्याने माणूस तिथवर येतो. त्याच्याशी वाद घातला नाही, पण त्याच्या धुऱ्याकडे यापुढे लक्ष ठेवावे लागेल.

14 डिसेंबर 2024

पौर्णिमा उद्या आहे आणि आज चंद्र अंधार पडण्यापूर्वीच वर आलेला होता. नऊच्या सुमारास कळप नाल्यातून वर आला, पण डाव्या बांबूच्या पलीकडे. सर्वांत मोठे डुक्कर अगदी आडवे, बहुधा वीस मीटरवर, उजेडात स्पष्ट उभे होते, आणि त्याच्या मागे, बरेच दूर, शेजाऱ्याच्या झोपडीतला दिवा दिसत होता. भाच्याने नळी उचललीच नाही. कळप बराच वेळ चरून निघून गेला. खाली उतरल्यावर तो म्हणाला की, हात थरथरत होते. थरथरणारच, त्याबद्दल मी काही बोललो नाही. इतर ओळी मात्र आणखी उलटल्या.

शेजाऱ्याने झोपडीच्या बाजूने टिनाचे डबे वाजवायचे कबूल केले आहे, म्हणजे कळप मधल्या पट्ट्याकडे वळेल.

17 डिसेंबर 2024

आज चंद्रोदय उशिरा होता, म्हणून बॅटरीवर लाल कापड बांधून नेले. राख सरळ नाल्याकडे गेली. डब्यांचा आवाज थांबल्यावर काही वेळाने एकटा नर दोन्ही बांबूंच्या मध्ये आला आणि माती उकरू लागला. भाच्याने तोंड, पुट्ठा, पाय असे तिन्ही शब्द उच्चारले. जनावर तिरके होते, म्हणून मी “हो” म्हटले नाही. ते पूर्ण आडवे व्हायला बराच वेळ गेला, आणि या वेळात भाच्याचे बोट चापाबाहेरच राहिले; इतक्या दिवसांच्या तयारीत मला हवी होती ती ही गोष्ट. मग मी “हो” म्हटले आणि एक बार झाला.

डुक्कर नाल्याच्या दिशेने पळाले आणि काठाच्या अलीकडे, आमच्याच हद्दीत, कोसळल्याचा आवाज आला. ठरल्याप्रमाणे अर्धा तास मचाणावरच बसून राहिलो. जखमी नर उलटून येतो, आणि नाल्याच्या तोंडाशी अंधारात वाघ नसेलच असे या भागात कुणी सांगू शकत नाही. पलीकडे गेले असते तर वनखात्याचे पथक बोलावण्याखेरीज आम्हाला काहीच करायचे नव्हते. अर्ध्या तासाने काडतूस भरलेली बंदूक माझ्या हातात आणि बॅटरी भाच्याच्या हातात, अशा क्रमाने गेलो. जनावर मेलेले होते. गोळी पुढच्या पायामागे, ठरल्यापेक्षा चार बोटे वर लागली होती आणि पलीकडच्या अंगाने बाहेर पडली होती. सकाळी धुऱ्यात तिची जागा शोधून काढायची आहे.

18 डिसेंबर 2024

वनपाल आणि वनरक्षक सकाळी आले. पंचनाम्यात लिंग, मापे, जखमेची जागा, झाडलेल्या आणि उरलेल्या काडतुसांची संख्या आणि गट क्रमांक नोंदवले गेले. सगळ्यांनी हातमोजे घातले होते. रानडुकरावर गोचिड्या असतात, आणि 2020 पासून ईशान्य भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर पाळीव आणि रानडुक्कर दोघांनाही होतो, म्हणून गावातल्या डुकरांना आणि कुत्र्यांना जवळ येऊ दिले नाही. वनपाल आणि वनरक्षकांच्या देखरेखीखाली खोल खड्डा करून, चुना टाकून जनावर पुरले. गावातले तिघे-चौघे अपेक्षेने उभे होते. भाऊजींनीच त्यांना चहाला घरी नेले.

गोळी धुऱ्यात सापडली. जनावराच्या जागेपासून तीन पावलांवर, मातीत वीतभर खाली. हिशेब दोन मीटरचा होता.

22 डिसेंबर 2024

कळप अजून आहे. नर गेल्यापासून खालच्या कोपऱ्यात ठसे दिसले नाहीत, पण बागेतली वाट रोज चालू आहे आणि तिथे बंदूक नेता येत नाही. बागेसाठी सौर कुंपणाचा, म्हणजे झटका मशीनचा, अर्ज डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून करण्याबाबत वनरक्षकांशी बोललो आहे. कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभरापेक्षा वर ठेवली तर डुक्कर नाकाने खालून वाट काढते, हे मोजमाप घेताना लक्षात ठेवायचे. व्यापाऱ्याला गळलेली संत्री रोज उचलून न्यायला सांगितले आहे.

परवानगीची मुदत संपण्यापूर्वी भाचा पुढच्या शनिवारी पुन्हा बसू इच्छितो. चिंचेवरच्या मचाणाचा उजवीकडचा बांबू सैल झाला आहे, तो त्याआधी बदलायचा, आणि रेंजवर एकदा जाऊन नेम चार बोटे वर का गेला ते पाहायचे.